चर्च सोडू नका म्हणणाऱ्या प्राध्यापकानेच वयाच्या ८१ व्या वर्षी चर्च का सोडलं?

सप्टेंबर १९३३. इंग्लंडमधलं ग्लॉस्टर शहर. शाळेतला एक दांडगट मुलगा मागे लागला म्हणून सात वर्षांचं एक पोरगं धावत रस्त्यावर आलं आणि पावाच्या गाडीने त्याला उडवलं. जीव वाचला, पण कपाळावर कायमचा खड्डा पडला. पुढची काही वर्षं जखमेवर ॲल्युमिनियमची पट्टी बांधून शाळेत जावं लागलं. मैदानी खेळ बंद झाले.

अकराव्या वाढदिवसाला त्याला सायकल हवी होती. पण पोरगं पडलं आणि डोक्याला पुन्हा लागलं तर काय, ही आईवडिलांची भीती. वडील रेल्वेत कारकून होते. त्यांनी सायकलऐवजी जुना टाइपरायटर आणला. मुलगा आधी हिरमुसला, मग त्याच्यावरच रमला. पुढे कॉम्प्युटर आले तरी त्याने टाइपरायटर सोडला नाही.

हा मुलगा म्हणजे जेम्स इनेल पॅकर, म्हणजेच जे. आय. पॅकर. विसाव्या शतकातल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या सर्वात जास्त वाचल्या गेलेल्या प्राध्यापकांपैकी एक.

इव्हँजेलिकल म्हणजे कोण?

हा वेगळा पंथ नाही, तर प्रोटेस्टंट ख्रिश्चनांच्या अनेक पंथांत पसरलेला एक प्रवाह आहे. श्रद्धेच्या बाबतीत बायबलचा शब्द अंतिम, येशूच्या क्रुसावरच्या मरणातून माणसाचं तारण आणि प्रत्येकाने स्वतः मनापासून विश्वास ठेवणं, या त्याच्या मुख्य गोष्टी.

पॅकर स्वतः अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले. १९४४ मध्ये ते ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि तिथेच त्यांच्या श्रद्धेला खरी सुरुवात झाली. विद्यार्थी संघटनेकडे आलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना सतराव्या शतकातल्या प्युरिटन लेखकांचे ग्रंथ सापडले. १९५४ मध्ये रिचर्ड बॅक्स्टर या प्युरिटन धर्मोपदेशकावरच त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

राहायचं की बाहेर पडायचं?

लंडनचे प्रसिद्ध धर्मोपदेशक मार्टिन लॉइड-जोन्स आणि पॅकर मिळून दरवर्षी प्युरिटन विचारांवर परिषद भरवायचे. वयात बरंच अंतर, पण दोघांचं छान जमायचं.

ऑक्टोबर १९६६ मध्ये लॉइड-जोन्स यांनी इव्हँजेलिकल मंडळींना एकत्र येण्याची हाक दिली. मूळ शिकवण सैल झालेल्या चर्चमधून बाहेर पडा, असाच तिचा अर्थ अनेकांनी घेतला. पॅकर यांचं मत उलट होतं. चर्चची अधिकृत शिकवण जोवर शाबूत आहे, तोवर आत राहूनच सुधारणा करायची, असं ते म्हणत. १९७० मध्ये त्यांनी दोन कॅथलिक वळणाच्या अँग्लिकन विद्वानांसोबत पुस्तक काढलं. ते लॉइड-जोन्स यांना पटलं नाही. परिषद बंद पडली आणि जुनी साथ सुटली.

पुस्तकाने नाव जगभर नेलं

१९७३ मध्ये त्यांचं 'नोइंग गॉड' हे पुस्तक आलं. एका छोट्या मासिकात लिहिलेल्या लेखांचंच हे पुस्तक. देवाबद्दल माहिती असणं वेगळं आणि देवाला ओळखणं वेगळं, हा त्याचा गाभा. त्याच्या १० लाखांहून जास्त प्रती खपल्या.

१९७९ मध्ये पॅकर कॅनडातल्या व्हँकुव्हरला गेले आणि रीजेंट कॉलेजमध्ये शिकवू लागले. २००१ मध्ये बायबलचं 'इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन' हे भाषांतर प्रसिद्ध झालं, त्याचे मुख्य संपादक तेच होते. त्याआधी १९९४ मध्ये इव्हँजेलिकल आणि कॅथलिक यांच्या सहकार्याच्या निवेदनावर त्यांनी सही केली होती. त्यावरून स्वतःच्याच गोटातून भरपूर टीका झाली.

आणि मग २००२ उजाडलं

व्हँकुव्हर परिसरातल्या अँग्लिकन चर्चच्या धर्मपरिषदेने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याचा विधी मंजूर केला. समर्थकांच्या मते, आपल्याच सभासदांना दिलेला हा न्याय होता. पॅकर यांच्या मते, चर्चने बायबलची शिकवण अधिकृतपणे बाजूला ठेवली होती. ते सभेतून उठून बाहेर गेले.

२००८ मध्ये त्यांच्या सेंट जॉन्स चर्चच्या सभासदांनी मतदान करून कॅनडाच्या अँग्लिकन चर्चशी नातं तोडलं आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँग्लिकन प्रांताची छत्रछाया घेतली. बिशपने पॅकर यांना कारवाईची नोटीस पाठवली. त्यांनी कॅनडातला धर्मगुरूचा परवानाच परत केला. पुढे इमारतीचा वाद कोर्टात गेला, निकाल विरोधात लागला आणि २०११ मध्ये मंडळींना आपली वास्तू सोडावी लागली.

मग १९६६ चं पॅकर यांचं म्हणणं चुकलं होतं का? लॉइड-जोन्स यांना मानणाऱ्या अनेकांना तसं वाटतं. पॅकर यांच्या बाजूचे लोक म्हणतात, त्यांची अट तेव्हाही तीच होती. तेव्हा काही माणसं चुकत आहेत असं त्यांना वाटत होतं, इथे संस्थेनेच ठराव केला. शिवाय त्यांनी कॅनडाचं चर्च सोडलं, अँग्लिकन परंपरा नाही.

२०१६ च्या सुमारास डोळ्यांच्या आजाराने त्यांचं वाचन आणि लेखन थांबलं. १७ जुलै २०२० रोजी व्हँकुव्हरमध्ये त्यांचं निधन झालं. ९४ वा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता.