नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पाणपक्ष्यांचे अभयारण्य व महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. ते गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ आहे. मध्यमेश्वर महादेवाच्या देवस्थानावरून नांदूरच्या नावाला ही जोड मिळाली. राज्य शासनाने १९८६ मध्ये अभयारण्य घोषित केले. १,४३७ हेक्टर पाणथळ क्षेत्राची रामसर यादीत २०१९ मध्ये नोंद झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथे दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी पर्जन्यछायेतील शेती भिजू लागली. दर पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. साठवण घटली, पण त्याच गाळातून उथळ पाणी, बेटे, दलदल व पाणवनस्पतींची वाढ झाली. सिंचनाच्या हिशेबात तोट्याचा ठरलेला हा गाळच पक्ष्यांचा खरा आधार आहे.

हिवाळ्यात मध्य आशियाई उड्डाणमार्गाने थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे येतात. हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, वारकरी व टिबुकली हे इथलेच. थापट्या आपली रुंद, पळीसारखी चोच पाण्यात फिरवतो व चोचीच्या कडांवरील बारीक दातऱ्यांतून गाळून सूक्ष्म जीव खातो. कमळपक्षी लांबसडक बोटांवर देहाचा भार विभागून तरंगत्या पानांवरून चालतो. अंडी उबवण्याचे काम नर करतो. चिखलात पाय रोवून उभा असलेला राखी बगळा मासा टप्प्यात येईपर्यंत हलतही नाही. अतिसंकटग्रस्त देवळाली मिन्नो या लहान माशालाही या क्षेत्राचा आसरा आहे.

पक्षी पाहण्यास नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. चापडगावच्या बाजूस निरीक्षण मनोरे आहेत.

जलपर्णीचा फैलाव, पाण्याचा वाढता उपसा व नागरी विस्तार यांचा या पाणथळीला धोका आहे. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला की उजेड अडतो, पाण्यातील प्राणवायू घटतो. पाणी अवेळी ओसरले तर काठावरची घरटी कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातात. अवेळी चढले तर बुडतात. म्हणून येथे पाणी किती साठले याइतकेच ते केव्हा चढते-उतरते, हेही जपावे लागते. काठावरचा चिखलाचा पट्टा राहिला, तरच दर हिवाळ्यात थव्यांना उतरायला जागा राहील.