चिखलातला ठसा



आपण नववीत असताना, पावसाळ्यात, प्रयोगशाळेतले एक भिंग हरवले. खिडकीखालच्या चिखलात बुटाचा ठसा दिसला आणि मधली सुट्टी संपायच्या आत आपण चोर ठरवूनही टाकला. त्याचे बूट तसेच होते आणि तो गरीब घरचा होता. एवढा पुरावा आपल्याला पुरला.

विज्ञानाचे सर कुणावर ओरडले नाहीत. ठशाशेजारी फूटपट्टी ठेवून त्यांनी आपल्याला त्याचे चित्र काढायला लावले. मग प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून अलगद ठशात ओतले.

या विद्येचा इतिहास मी पुढे वाचला. कच्छमधले पगी पावलांवरून माणसांचा आणि जनावरांचा माग काढत. १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम ७च्या उदाहरणात, खुनाच्या जागी झटापटीने जमिनीवर उमटलेल्या खुणांचा उल्लेख होता. १८९३ साली ऑस्ट्रियाच्या हान्स ग्रोस यांनी तपास अधिकाऱ्यांसाठी ग्रंथ लिहिला, त्यात पाऊलठशांचाही विचार केला. १९१० साली एडमंड लोकार यांनी फ्रान्समध्ये लियाँ येथे पोलिसांची प्रयोगशाळा सुरू केली. मात्र १९५६ साली प्रीतम सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हे शास्त्र अजून प्राथमिक अवस्थेत आहे, त्यावर फार विसंबता येणार नाही. इतर पुराव्याला जोड म्हणून मात्र न्यायालयाने ते ठसे विचारात घेतले.

सरांनी आपल्याला तीच सावधगिरी शिकवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बुटाच्या तळाला शाई लावून कागदावर पाय दिला. अकरा जणांची नक्षी आणि माप साच्याशी जुळले. त्यात मीही होतो. सर म्हणाले, नक्षीवरून फक्त बुटाचा प्रकार कळतो. नेमका बूट ओळखायचा तर झीज, चीर, ठिगळ पाहावे लागते. आणि बूट ओळखला तरी तो कुणी, कधी घातला होता हे ठसा सांगत नाही.

त्याच्या टाचेला मोच्याने जूनमध्येच रबराचा तुकडा ठोकला होता. साच्यातली टाच अखंड होती.

आठ दिवसांनी भिंग कपाटाच्या खणात सापडले. ठसा कुणाचा, ते कळलेच नाही. पण त्या मुलाची माफी कुणी मागितली नाही.

मेळाव्याला तो येणार आहे असे कळले. मित्रा, त्या दिवशी तुझ्याकडे पहिले बोट मी दाखवले होते. मला माफ कर.