शिशाचे शिपाई आणि त्यांची बैठक



कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने या व्याख्यानमालेत खेळण्यातल्या शिपायांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जी वस्तू कारखान्यात ओतली जाते तिचा इतिहास हा ओतणाऱ्याचाही इतिहास असतो. मग ती वस्तू आगबोटीचे यंत्र असो की बोटाएवढा शिपाई असो. टेबलावर लढाईचा खेळ खेळण्याची युरोपात जुनी हौस आहे. त्या खेळातील शिपायांच्या गणवेशांवर जाडजूड ग्रंथ झाले. ते शिपाई उभे कसे राहिले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज मी तेवढाच प्रश्न घेतला आहे.

प्रथम त्यातले शास्त्र पाहू. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो. तसा शिपायाच्या गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला, तर तो बैठकीच्या आत पडला पाहिजे. आत पडला तर शिपाई उभा राहतो, बाहेर पडला तर कलंडतो. सावधान उभ्या असलेल्या शिपायाला अडचण नसते. अडचण होते ती भाला पुढे करून धावणाऱ्याची, मोठे निशाण धरणाऱ्याची आणि मागच्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याची. त्यावर उपाय तीनच : बूड रुंद करा, बूड जड करा, किंवा आकृतीच वाकवून तिचा भार आत आणा. आपल्या तंजावरच्या डुलणाऱ्या बाहुलीचे बूड जड आहे, म्हणून ती कितीही ढकलली तरी पुन्हा उठते. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले मावळ्याचे बूड ओल्या मातीत दाबून बसवतात, तेव्हा तीही हेच शास्त्र वापरतात.

या धंद्याचे मोठे केंद्र म्हणजे जर्मनीतील न्युर्नबर्ग. सप्तवार्षिक युद्धानंतर, १७७० च्या दशकात, योहान गोटफ्रीड हिल्पर्ट या ओताऱ्याने तेथे फ्रेडरिक राजाच्या सैन्याचे कथलाचे चपटे शिपाई केले. पुढे १८३९ साली अर्न्स्ट हाइनरिक्सेन याने आपला कारखाना काढला आणि ३० मिलिमीटर उंचीचे माप रूढ केले. पाटीच्या दगडात दोन बाजूंनी कोरलेला साचा, त्यात ओतलेला धातू आणि जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा शिपाई, अशी ही रीत होती. माल वजनावर विकला जाई. शिपाई जितका पातळ, तितकी तेवढ्याच वजनात फौज मोठी. पण इतकी पातळ आकृती स्वतःच्या पायांवर उभी राहणे शक्यच नव्हते. म्हणून पायाखाली आडवी पट्टी ओतावी लागे. ती वाकडी आली तर शिपाई झुके आणि मग कानस घेऊन ती घासणे घेणाऱ्याच्या नशिबी येई. हे शिपाई रंगवण्याचे काम घराघरांतून बायका आणि मुले नगावर मजुरी घेऊन करीत. घरात बसून, दर नगामागे चार दमड्या, हा हिशेब आपल्याकडील विडी कामगारांना समजावून सांगावा लागणार नाही.

प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांनी हा उभे राहण्याचा प्रश्न निराळ्या रीतीने मिटवला. रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, त्यात माणसाची आकृतीच नव्हती. पलटणीच्या जागी चौकोनी ठोकळे होते. ठोकळा कलंडत नाही. सेनापतीला माणसाचा चेहरा दिसला नाही तरी चालतो, असाही याचा अर्थ घेता येईल.

इंग्लंडात १८९३ साली विल्यम ब्रिटन याने पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतायचा आणि कडेचा थर गोठताच आतला रस बाहेर ओतून टाकायचा. राहते ते टरफल. धातू वाचला, भाव उतरला आणि भरीव जर्मन मालाला शह बसला. या ५४ मिलिमीटरच्या फौजेत मुंबई लान्सर्सही होते. बैठक सुरुवातीला गोल वा लंबगोल होती, पुढे चौकोनी झाली. रस साच्यात ओतल्यापासून तो बाहेर ओतेपर्यंतच्या क्षणांत किती गोठला, हे ओताऱ्याचा हातच ओळखी. थर जाड झाला तर धातू वाया, पातळ झाला तर घोट्यात शिपाई मोडे. मोडलेल्या मुंडक्यावर मुलांनीच उपाय शोधला : पोकळ मानेत आगकाडी खोचायची आणि डोके पुन्हा बसवायचे. पायाचे दुखणे मात्र अवघड असे. डाख द्यावा तर या मिश्रणाचा वितळबिंदू इतका कमी की सांध्याबरोबर पायही वितळे. म्हणून घोट्यात बारीक भोक पाडून तार घालणे आणि ती तार खालच्या पट्टीत रोवणे, हीच रीत टिकली. आजही जाणते लोक तेच करतात.

एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघाले. त्यांच्या खेळातील तोफ लाकडाचा इंचभर तुकडा उडवी. नऊ यार्डांवरचा शिपाई ती दहांपैकी नऊ वेळा टिपते, असा त्यांचा दाखला आहे. जो पडला तो मेला, असा नियम. म्हणजे येथे बैठक हेच शिपायाचे आयुष्य झाले. खऱ्या युद्धाऐवजी माणसांनी हा खेळ खेळावा, असे वेल्स यांचे मनापासूनचे म्हणणे होते. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळातला शिपाई डाव संपल्यावर उचलून उभा करता येतो; एवढे सांगून मी पुढे जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीचे जेमतेम पाऊण इंचाचे मऊ शिपाई स्वस्तात मिळू लागले आणि गरिबाच्या मुलालाही फौज उभी करता आली. पण हे शिपाई वजनाला हलके, बूड चिमुकले आणि पॉलिथीनला सरस चिकटत नाही. तेव्हा खेळणाऱ्यांनी तापवलेल्या सुईने हात-पाय वळवले, एकाचे मुंडके दुसऱ्याच्या धडावर टाचणीने बसवले आणि पायातून टाचणी घालून ती पुठ्ठ्यात रोवली. शिशाचे विष ध्यानी घेऊन ब्रिटन कंपनीने १९६६ साली शिशाचे पोकळ शिपाई बंद केले. मुलांच्या हाती जाण्याआधी ते शिसे सत्तरांहून अधिक वर्षे कामगारांच्या हातांतून गेले होते, ही गोष्ट संग्राहकांच्या याद्यांत सापडत नाही. पुढे १९७१ साली त्याच कंपनीने प्लॅस्टिकच्या शिपायाला धातूची बैठक दिली. देहातून काढलेला धातू पायाखाली पुन्हा आणावा लागला!

यानंतर एक मोठा पालट झाला. खेळणारे अनेक शिपाई एकाच पट्टीवर बसवू लागले. १९९० च्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नियमावलीत २५ मिलिमीटरच्या शिपायांसाठी पट्टीची रुंदी ६० मिलिमीटर आणि १५ मिलिमीटरच्यांसाठी ४० मिलिमीटर ठरली. एका बाजूची फौज म्हणजे अशा बारा पट्ट्या. आता मोजली जाते ती पट्टी. शिपाई किती, हा प्रश्न दुय्यम झाला. एकटा भालाईत कलंडत होता, तो चौघांच्या रांगेत खंबीर उभा राहिला. संघटना म्हणजे काय, हे समजावून सांगताना मी हा दाखला पुष्कळदा दिला आहे.

पंख पसरलेले राक्षस आणि उडी घेणारे घोडे आज बाजारात आहेत. त्यांच्यासाठी बैठकीखाली लोखंडी वायसर चिकटवतात, जड बाजूच्या उलट अंगाला शिसे वा नाणे ठेवतात आणि वर लांबी व वाळू पसरून सारे झाकून टाकतात. काम उत्तम झाले की ते दिसत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. अडीचशे वर्षे कारखानदाराने आकृती दिमाखदार केली, धातू वाचवला, माल स्वस्त केला. आणि प्रत्येक वेळी तोल सांभाळण्याचे काम ओताऱ्यावर, नाहीतर घेणाऱ्यावर पडले. त्याची मजुरी कोणी मोजली नाही. पुढे कधी संग्रहालयात शिशाची फौज पाहाल, तर तलवारी पाहून झाल्यावर किंचित वाकून पायाखालची पट्टीही पाहा. त्या पट्टीवर कोणाच्या तरी कानशीचे ओरखडे असतील.