आधी कुत्री आजारी पडली

१९७४ सालच्या शेवटी राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत कुत्र्यांची पोटं फुगायला लागली. पाठोपाठ माणसांनाही तेच व्हायला लागलं. आधी ताप आणि उलट्या, मग कावीळ, मग पोटात पाणी आणि पायांवर सूज. दीडशेहून जास्त गावं. नोंदलेले रुग्ण ३९७, मृत्यू १०६.

नेहमीची संसर्गाची कावीळ म्हणावी, तर ती कुत्र्यांना कशी होईल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा माणसं आणि कुत्री यांना जोडणारी एकच गोष्ट सापडली: घरातला मका.

त्या वर्षी कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता. ओली कणसं नीट न वाळताच साठवली गेली. त्यांच्यावर अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली आणि तिनं अफ्लाटॉक्सिन हे यकृत निकामी करणारं विष तयार केलं. मक्याच्या नमुन्यांत ते किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम निघालं. आज भारतात धान्यासाठी मर्यादा आहे ०.०१५ मिलिग्रॅम.

हे विष तेव्हा नवं नव्हतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ते सापडलं होतं. म्हणजे बांसवाडा-पंचमहालात माणसं मेली, तेव्हा विज्ञानाला हे माहीत होऊन दशक उलटलं होतं.

मला या हकिकतीत सगळ्यात जास्त खुपते ती मक्यावर जगणाऱ्यांची अडचण. भाकरी भाजून हे विष जात नाही. बुरसलेले दाणे निवडून टाका, हा सल्ला बरोबरच आहे. पण टाकायचं तर घरात दुसरं धान्य हवं. ते नव्हतं.

आता हवामान बदलतंय आणि या बुरशीला हवं तेच घडतंय. पीक शेतात असताना कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडला की ती दाण्यात शिरते. कापणीला पाऊस आला की साठवणीत फोफावते. २०१२ च्या उन्हाळ्यात सर्बियात उष्णता आणि दुष्काळ होता. मक्यात अफ्लाटॉक्सिन आलं, तो गाईंनी खाल्ला, आणि २०१३ च्या सुरुवातीला विषाचा अंश दुधात सापडला. सरकारनं काय केलं? दुधातली मर्यादाच दहापट वाढवली.

सर्बियाकडे निदान दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळा होत्या, म्हणून वाद तरी झाला. १९७४ साली त्या गावांत कुत्र्यांशिवाय इशारा देणारं कुणीच नव्हतं. अवकाळी पावसाच्या बातमीत आपण पिकाचं नुकसान किती ते वाचतो. त्या पावसात भिजलेलं धान्य कुठे वाळवलं, कुणी तपासलं आणि शेवटी कुणाच्या ताटात गेलं, हेही विचारायला हवं.