नॅटमागील संगणकाचे दूरनियंत्रण
नेटवर्क पत्ता रूपांतरणाच्या (नॅट) आड असलेला संगणक अन्य ठिकाणाहून चालवणे म्हणजे नॅटमागील संगणकाचे दूरनियंत्रण होय. आयपीव्ही४चे सुमारे ४.३ अब्ज पत्ते अपुरे पडल्याने अनेक सेवादाते कित्येक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, त्यासाठी १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीवर रेवस (ता. अलिबाग) येथे असलेल्या संगणकाशी धरमतर खाडीपलीकडील करंजाहूनही थेट संपर्क होत नाही. घरच्या राउटरवर पोर्ट उघडणे येथे निरुपयोगी ठरते, कारण रूपांतरण सेवादात्याकडे होते. आतून बाहेर जाणारी जोडणी मात्र सहसा अडत नाही. म्हणून संगणक स्वतःच सार्वजनिक पत्ता असलेल्या सर्व्हरपर्यंत एसएसएचचा उलट बोगदा उघडतो आणि नियंत्रक त्यातून आत येतो. बोगदा निष्क्रिय राहिल्यास नॅटमधील नोंद पुसली जाते. तो जागता ठेवण्यासाठी ठरावीक काळाने संदेश धाडावे लागतात. सर्व्हरवरील पोर्ट सर्वांना खुले ठेवल्यास संगणक परक्यांच्या हाती जाऊ शकतो.