पित्याच्या नावाचा रकाना

कृत्य दोघांचे, दंड मात्र मातेला आणि तिच्या अजाण बालकाला, ही जगाची रीत फार जुनी आहे. तिच्याविरुद्ध आपल्या महाराष्ट्रात जोतीराव व सावित्रीबाई फुले या दांपत्याने १८६३ साली एक ठोस उपाय योजला. पुण्यात आपल्याच आवारात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी तेथे मोकळीक होती. जोतीरावांनी १८८४ साली केलेल्या निवेदनानुसार तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी अवघी ५ जगली. गरोदरपण लपविण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीच्यांचा उदरातच घात केला होता. १८७४ साली तेथेच जन्मलेल्या यशवंताला फुल्यांनी दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला.

१८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांकडेच जाब मागितला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावी अशा परित्यक्त स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारले.

आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास काय सांगतो? करुणेची सदने तिने अनेक चालविली. पण तिच्या १९१७ च्या धर्मसंहितेनुसार अनौरस पुत्राला, विशेष सवलत मिळाल्यावाचून, गुरुदीक्षा घेता येत नसे. मातापित्यांच्या कृत्याचा अडसर मुलाच्या पाचारणाला होई. १९८३ च्या नव्या संहितेने ही अट वगळली. अविवाहित मातेच्या बालकाच्या बाप्तिस्म्याची नोंद कशी करावी, हेही तिच्या ८७७ व्या कलमात स्पष्ट आहे. मातृत्व सर्वज्ञात असल्यास किंवा तिने रीतसर मागितल्यास मातेचे नाव लिहावे; पित्याचे मात्र अधिकृत दस्तऐवजाने अथवा धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमक्ष त्याने स्वतः दिलेल्या कबुलीनेच लिहावे. कुजबुजीला नोंदवहीत स्थान नाही.

देशाच्या कायद्याला मात्र आणखी वेळ लागला. हिंदू स्त्रीला १९५६ च्या कायद्याने आपल्या विवाहबाह्य अपत्याचे नैसर्गिक पालकत्व दिले. ख्रिस्ती स्त्रीला तसा कायदा नव्हता. २०१० साली जन्मलेल्या आपल्या मुलाला गुंतवणुकीत वारस म्हणून नेमू पाहणाऱ्या एका ख्रिस्ती मातेला सांगण्यात आले, की पित्याचे नाव द्या, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. दाखला मागितला, तर १८९० च्या कायद्यानुसार पित्याला नोटीस हवी, म्हणजे पुन्हा नाव हवेच! तिने ते सांगण्याचे नाकारले. खालची दोन्ही न्यायालये तिच्याविरुद्ध गेली. अखेर ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की बालकाचे हित प्रथम. मातेवर पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखलाही मिळावा. निकालपत्रात तिचे नाव नाही, केवळ अक्षरे आहेत. तरी तिच्या हट्टाने तिच्यासारख्या अनेकींची वाट मोकळी केली. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत नावापाठोपाठ मातेचे नाव लिहिण्याचा नियम झाला, हेही त्याच वाटेवरचे पाऊल.

कायदा बदलला, संहिता बदलली. गावाची जीभ बदलायची आहे. नासरेथकरांनी प्रभू येशूला हिणवताना मरियेचाच पुत्र म्हणून ओळखले, हे मार्काच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. ते वाचणाऱ्या आपल्या धर्मग्रामांत अशी एखादी मुलगी बाळ कडेवर घेऊन कचेरीच्या दारात येते, तेव्हा नोंद कशी करावी हे संहितेत लिहिलेलेच आहे. तिला बसायला खुर्ची कोण देणार आणि बाळाची धर्ममाता कोण होणार, हे आपणच ठरवायचे आहे.