‘बेलभंडार’ या शब्दावरील तळटीप

१. बेलभंडार उचलणे : खंडोबाचा बेल व भंडारा हाती घेऊन उच्चारलेले वचन मोडल्यास देवच शासन करील, ह्या श्रद्धेवर मराठी मुलखातील कौलकरार पुष्कळ अंशी विसंबून असत, परंतु गंगाजलाच्या वा कुराणाच्या शपथेची सक्ती न्यायदानास अडथळा करते, असे कारण देऊन कंपनी सरकारने १८४० च्या पाचव्या कायद्याने हिंदू व मुसलमान साक्षीदारांसाठी परमेश्वरास स्मरून करावयाची प्रतिज्ञा रूढ केली. तथापि जुनी शपथ एकाएकी हद्दपार झाली नाही. १८७३ च्या कायद्यान्वये प्रतिपक्षाने अमुक शपथ वाहिल्यास आपण तिला बांधील राहू, असे पक्षकाराने कबूल केल्यास तशी शपथ देता येई (तिऱ्हाइतास बाधू पाहणारी मात्र नव्हे), आणि ही मुभा, आश्चर्य वाटेल, थेट १९६९ पर्यंत टिकली. पुढे उल्लेखिलेला नोटरीसमक्षचा प्रतिज्ञालेख १९५२ च्या कायद्यातील असून, त्यावरील मोहोर हा अमुक इसमाने आपल्यासमोर शपथपूर्वक सही केल्याचा दाखला होय, मजकुराच्या खरेपणाची हमी नव्हे. सुशिक्षितही येथे हटकून फसतात. खोट्याचे दायित्व लिहून देणाऱ्याच्याच माथी राहते.